कुलपातला झाडू

एकदा एका गावात एक देऊळ होते आणि ते गरजेपेक्षा जास्त स्वच्छ होते.

देऊळ ख्रिस्ती मंडळीचे. शहरात ज्याला चर्च म्हणतात तेच हे. पण त्या गावातली ख्रिस्ती माणसे पणजोबांच्या काळापासून त्याला देऊळच म्हणत आली. दगडी भिंती, कौलारू छप्पर, पुढे पाच पायऱ्या, आत सोळा बाके आणि समोरच्या भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस. रस्ता कच्चा होता आणि शेजारी वीटभट्टी होती. अशा जागी थोडीफार धूळ असणे हा धुळीचा हक्कच म्हणायचा. या देवळात मात्र ती औषधालाही सापडत नसे. बाकाखाली हात फिरवावा तर हात जसाचा तसा बाहेर येई. खिडक्यांच्या गजांवर, पेटीच्या भात्यावरसुद्धा कण नसे. बाहेरगावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, उपासनेला आले की आधी फरशीचे कौतुक करत आणि मग प्रवचनाला उभे राहत.

हे सारे काम एकट्या शांतवनचे होते. शांतवन बत्तीस वर्षांचा, अबोल, सरळ माणूस. एसटी स्टँडसमोर त्याचे झेरॉक्सचे आणि फ्लेक्सचे दुकान होते. वाढदिवसाच्या फलकावरचे सावळे चेहरे गोरे करून देण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. रोज दुपारी चारला तो दुकान बंद करून देवळात येई आणि दोन तास झाडलोट करी. कोणी सांगितले नव्हते, कोणी मागितले नव्हते. आया आपल्या मुलांना त्याचा दाखला देत. मंडळीत सर्वांत मोठ्या आवाजाचे गृहस्थ म्हणजे सायमनकाका. यंदा शांतवनला ‘वडील’ करायचे, असे त्यांनी चारचौघांत जाहीरही करून टाकले होते. वडील म्हणजे वयाने वडील नव्हे. मंडळीचा कारभार पाहण्यासाठी जे पाच जण निवडले जातात, त्यांना तिथे वडील म्हणतात. निवड पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हायची होती.

आता जे कोणालाच ठाऊक नव्हते ते वाचकांना सांगायला हवे, नाहीतर गोष्ट उगाच लांबेल. दुपारी दोन ते चार ते गाव झोपत असे. स्टँडवर कुत्रीदेखील सावली धरून पडत. त्या दोन तासांत शांतवन दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून संगणकावर अश्लील चित्रफिती पाहत असे. एक-दोनदा नव्हे, सात वर्षे. लग्न झाले की हे आपोआप सुटेल असे त्याला वाटले होते. लग्नाला तीन वर्षे झाली, सुटले नाही. चार वाजले की तो उठे, तोंडावर पाणी मारी, आरशात पाहणे टाळी आणि तडक देवळात येऊन झाडू हातात घेई. पाठ मोडेपर्यंत झाडी. सहाच्या सुमारास घामाबरोबर मनावरचे ओझेही उतरल्यासारखे वाटे, आणि ‘प्रभू, आता पुन्हा नाही’ असे वचन देऊन तो घरी जाई. एक-दोन दिवस बरे जात. मग पुन्हा दोन वाजत.

जेवढे पडणे मोठे तेवढी झाडलोट मोठी, असा हा हिशेब त्याच्याही नकळत बसला होता. फारच वाईट गेलेल्या दिवशी तो फिनेल घालून फरशी पुसून काढी. रविवारी देवळात फिनेलचा वास दरवळला की मंडळी म्हणे, काय हा शांतवन! त्या वासाचा अर्थ कोणाच्या ध्यानात येत नसे.

आणखी एक गोष्ट होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीच्या तुकड्यांचे ताट आणि द्राक्षरसाचा प्याला बाकांवरून हातोहात फिरे. ताट आपल्यापाशी येण्याच्या बेतात असले की शांतवन हळूच उठून बाहेरचा नळ नीट बंद आहे का ते पाहायला जाई. हे बरबटलेले हात त्या भाकरीला लावायचे नाहीत, आधी शुद्ध व्हायचे आणि मगच जायचे, असे त्याने ठरवले होते. तीन वर्षांत त्याने ती भाकर तोंडात घातली नव्हती. ही गोष्ट फक्त एका माणसाच्या लक्षात आली होती. ती म्हणजे त्याची बायको तबिता.

तबिता अंगणवाडीत शिकवायची. पंचवीस पोरांना एका आवाजात गप्प बसवणारी बाई. घरात मात्र तिचा आवाज दिवसेंदिवस कमी होत चालला होता. शांतवन सहा वाजता थकून येई, जेवे आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. एकदा ती म्हणाली, “देवळाच्या फरशीकडं बघता, तेवढं माझ्याकडं बघत नाही तुम्ही.” दुसऱ्या दिवशी त्याने देवळाच्या खिडक्या धुतल्या.

देवळामागच्या दोन खोल्यांत म्हातारे पाळक राहत. वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव त्यांना आबा म्हणे. दर मंगळवारी संध्याकाळी शांतवन त्यांच्याकडे शास्त्र शिकायला बसे. पाच वर्षांचा हा परिपाठ. आबा थोडे बोलत. एखादा प्रश्न विचारून शेंगा फोडत बसत आणि उत्तर येईपर्यंत शेंगा संपवत. शांतवन त्यांना पित्यासमान मानी. त्यांनीच असे काही करावे, हे त्याच्या स्वप्नातही आले नसते.

एका मंगळवारी तो चारला देवळात आला, तर आबा आत उभे. भिंतीत एक जुने शिसवी कपाट होते. त्यात प्रभुभोजनाचे ताट आणि प्याला ठेवत. आबांनी त्या कपाटात झाडू तिरका करून कोंबला. मग बादली ठेवली. मग फिनेलची बाटली. मग कुलूप लावून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

“आबा, सलाम,” शांतवनने मंडळीच्या रीतीप्रमाणे म्हटले. “हे काय?”

“झाडू ठेवला.”

“ते दिसतंय. पण मला झाडायचंय.”

“काल झाडलंस. परवा झाडलंस. एक दिवस नाही झाडलं तर प्रभू काही देऊळ सोडून जात नाही.”

“पण आबा, भट्टीची धूळ...”

“राहू दे धूळ. मी सांगेपर्यंत या देवळातल्या काडीला हात लावायचा नाही तू.”

एवढे बोलून आबा मागच्या दाराने निघून गेले. शांतवन तिथेच उभा राहिला. त्या दिवशी दोन ते चार फार वाईट गेले होते आणि आता ते कुठे टाकायचे हे त्याला कळेना. आबांना काही कळले की काय, अशी शंका त्याला आली. मग वाटले, कळले असते तर ते रागावले असते. ते तर शांत होते. बहुधा म्हातारपण असेल. अशी समजूत घालून तो घरी आला. पण ओझे तसेच खांद्यावर होते. ते जेवायला बसले, ते त्याच्याबरोबर झोपले.

दुसऱ्या दिवशी त्याने घरचा झाडू नेला. आबा पायरीवरच बसले होते. “आण इकडं,” म्हणाले, आणि तोही कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी त्याने बाजारातून नवा कोरा झाडू घेतला, त्याचीही तीच गत झाली. झाडांना पाणी घालावे म्हटले, तर आबांनी नळाची चावी काढून ठेवलेली. बाके निदान सरळ करावीत म्हणून तो वाकला, तर मागून आवाज आला, “वाकडी आहेत तेच बरं आहे, शांतवन.” पवित्र ताटाच्या शेजारी आता तीन झाडू नांदत होते.

रविवारी मंडळी धुतलेल्या कपड्यांत आली आणि धुळीत बसली. सायमनकाकांनी रुमालाने बाक पुसले आणि तो काळा रुमाल निशाणासारखा वर धरला.

“पाळकसाहेब, हे बघा!”

“बघितलं,” आबा म्हणाले. “झटका आणि बसा.”

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर चांगलीच कुजबुज झाली. कोणी म्हणाले, आबांचे वय झाले. कोणी म्हणाले, शिष्याचे नाव होते ते गुरूला सोसवत नाही. सायमनकाका तर तोंडावरच बोलले, “माणसाच्या सेवेला कुलूप लावायचं, ही कुठली रीत?” शांतवन खाली मान घालून उभा होता आणि लोक त्याची कीव करत होते. त्या किवेची त्याला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तो मनातून घाबरला. चार वाजले की आता जायला जागा नव्हती. दोन वाजता जे होई ते चारनंतरही उरे. चहा पिताना समोर बसे, तबिता बोलू लागली की मध्ये येई. पूर्वी ते पुसले जात असे. आता त्याला पहिल्यांदाच ते पुरते दिसू लागले, आणि ते दिसल्यावर सात वर्षे म्हणजे किती, हेही दिसले. तरीही दोन वाजले की हात शटरकडे जाई. स्वतःची इतकी शिसारी त्याला कधीच आली नव्हती.

झाडू नाही तर नाही. त्याने उपास धरला. तीन दिवस पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी दीडला दुकानासमोर रिक्षा थांबली. छत्री टेकत आबा उतरले. हातात डबा होता. आत येऊन ते बाकड्यावर बसले आणि त्यांनी डब्याचे झाकण काढले. पिठले, दोन भाकरी, एक कांदा.

“ये. जेव.”

“माझा उपास आहे, आबा.”

“माझा नाही. आणि मला एकट्याला जेवण जात नाही, हे तुला माहीत आहे.”

गुरूला उपाशी ठेवण्याचे पाप नको म्हणून तो जेवला. डबा धुऊन झाला, दोन वाजले. आबा उठेनात. रस्ता ओस पडला. समोरच्या पानवाल्याने टपरीवर गोणपाट टाकले आणि तो आडवा झाला. आबा छत्रीवर हात ठेवून बसले होते.

“चारला तू देवळात येतोस,” ते म्हणाले. “दोन ते चार काय करतोस, हे पाच वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. तुझी फरशी बघून मी खूश होत राहिलो. माझं चुकलं, बाळा.”

आबा रागावले असते तर शांतवनने तोंड उघडले नसते. रागावणाऱ्याला काय सांगायचे याची त्याची तयारी होती. पण ऐंशी वर्षांचा माणूस उन्हात येतो, भाकरी खाऊ घालतो आणि ‘माझं चुकलं’ म्हणतो, याची तयारी त्याने केली नव्हती. तो संगणकाच्या बंद पडद्याकडे बघत बोलू लागला. काय पाहतो ते सांगितले. कधीपासून ते सांगितले. लग्नानंतरही, वचने देऊनही, प्रार्थना करूनही. प्रभुभोजनाचे ताट आले की नळाकडे का जातो, तेही सांगितले. बोलताना मध्येच तो रडू लागला, आणि नाक पुसून पुन्हा सांगू लागला. आबांनी सगळे ऐकले. ‘अरेरे’ म्हटले नाही आणि ‘असू दे’ही म्हटले नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” शेवटी शांतवनने विचारले.

“काय ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे, एवढं कळलं. झाडलेली फरशी माणूस पुन्हा झाडतो, तेव्हा त्याला फरशीवरचं काही काढायचं नसतं.”

“मग झाडू का काढून घेतला? तेवढा एकच आधार होता मला.”

“म्हणूनच.” आबा जरा सावरून बसले. “ऐक. तू दोनला पडतोस, चारला झाडतोस, सहाला हलका होतोस. तुला वाटतं, दोनचा शांतवन आणि चारचा शांतवन यांचं भांडण आहे. भांडण कसलं, दोघांची चांगली मैत्री आहे. चारला झाडायला मिळणार हे ठाऊक असतं, म्हणून दोनला पडायला धीर येतो. शिक्षा तूच ठरवतोस, तूच भोगतोस आणि तूच स्वतःला सोडून देतोस. यात प्रभूला काही कामच ठेवलं नाहीस. त्याच्या क्रूसाखाली रोज दोन तास घाम गाळलास. पण त्या घामापायी वर मान करून त्याच्याकडं बघायचं तेवढं टाळलंस. तिथं त्यानं जे सोसलं ते तुझ्यासाठी पुरेसं आहे की नाही? असेल, तर तुझ्या झाडलोटीची भर त्यात कशाला? आणि नसेल, तर या झाडूनं काय होणार आहे?”

बाहेर एक एसटी आली, कोणी उतरले नाही, ती निघून गेली.

“मग मी करू काय?”

“पडलास की करायचं काहीच नाही. तेच तुला जड जाणार आहे. तोंड धुऊ नकोस, वचन देऊ नकोस, चारपर्यंत थांबू नकोस. जसा आहेस तसा, मोकळ्या हातानं त्याच्यासमोर येऊन बस. तो देतो ते घ्यायला हात मोकळे लागतात. आणि त्याच दिवशी मला सांग. लपून झालेलं लपूनच वाढतं.”

“आणि प्रभुभोजन?”

“जेवायला बोलावलंय, आणि तू म्हणतोस, भूक भागली की येतो.”

शांतवनला हसू आले आणि त्याच हसण्यात पुन्हा रडू आले. आबा उठले. दोघांनी मिळून संगणकाचे टेबल फिरवले. पडदा रस्त्याकडे झाला. शटर पार वर ढकलले, तेव्हा ते इतके कुरकुरले की पानवाला जागा झाला. नवरा-बायकोत दडवायला नको म्हणून आबांनी जाता जाता शेवटचे सांगितले, “मंडळीला सांगायची गरज नाही. तबिताला आहे. तिच्या हक्काचं तू दुसरीकडं उधळलंस. ते तिला तुझ्या तोंडून कळू दे.”

हे मात्र त्याच्याने होईना. बाकी सगळे केले. आबा रोज दीडला डबा घेऊन येऊ लागले. पडदा रस्त्याकडे, शटर वर. आठ दिवस सरळ गेले. तबिता सोडून जाईल, ही एकच भीती त्याला धरून बसली होती, आणि न सांगता बरे होता आले तर सांगायचे कशाला, असा सोयीचा विचारही होता. नवव्या दिवशी आबांना ताप आला. ते आले नाहीत. शांतवनने शटर खाली ओढले नाही, टेबल फिरवले नाही. नुसता मोबाईल घेतला आणि मागच्या कागदाच्या गठ्ठ्यांआड गेला.

बाहेर आला तेव्हा तीनच वाजले होते. सवयीने तो देवळाकडे धावला. कपाटाला कुलूप होते. झाडू नाही, बादली नाही. तो पहिल्या बाकावर बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. मांडीवर ठेवले, बाकावर ठेवले, शेवटी उताणे करून गुडघ्यांवर ठेवले. वचन ओठांवर आले, त्याने ते गिळले. ‘प्रभू, मी हा असा आहे,’ एवढेच तो म्हणाला. आणि मान वर करून त्याने क्रूसाकडे पाहिले. प्रकाश पडला नाही, घंटा वाजली नाही. भट्टीचा धूर तेवढा खिडकीतून आत येत होता. पण सात वर्षांत पहिल्यांदा तो धुळकट फरशीवर पाय ठेवून, न फेडता, तिथे बसला होता आणि त्याला कोणी हाकलत नव्हते. आपण पुरते ओळखले गेलो आहोत आणि तरी आपल्यावर प्रेम आहे, हे त्याला त्या पाच मिनिटांत कळले. त्याला इतके बरे वाटले की आता तबितापासून लपवणे त्याला जमेना.

मागच्या खोलीत जाऊन त्याने तापातल्या आबांना घडले ते सांगितले आणि तसाच घरी गेला. तबिता तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सारे बोलला.

ती ताटातले तांदूळ बोटाने एका बाजूला करत राहिली. मग तिचे बोट थांबले.

“तीन वर्षं,” ती म्हणाली, “मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.”

आपल्या पापाचा विचार शांतवनने हजार प्रकारे केला होता. या बाजूने एकदाही केला नव्हता. जुन्या खोडीप्रमाणे तो घाईघाईने म्हणाला, “मी भरून काढीन. उद्यापासून घरचं पाणी मी भरतो. भांडी मी घासतो, कपडे...”

“मला गडी नको,” तबिता म्हणाली. “मला नवरा पाहिजे होता.”

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे गेली. कधी येणार ते सांगितले नाही. शांतवनने अडवले नाही, मागे फोनही केले नाहीत. आबांना विचारले, “येईल ना?” आबा म्हणाले, “ते तिचं तिनं ठरवायचं. तू तुझं शटर वर ठेव.”

तिच्यावाचूनच महिन्याचा पहिला रविवार आला. सायमनकाकांनी वडिलांच्या निवडीत शांतवनचे नाव पुकारले. तो उभा राहिला. “माझं नाव काढून घ्या,” म्हणाला. “मला अजून माझाच कारभार सांभाळता येत नाही.” सायमनकाकांना हा विनय वाटला आणि ते आणखीच भारावले. काही माणसांपुढे खरे बोलूनही काही उपयोग नसतो. मग ताट फिरू लागले. शांतवनपाशी आले. त्याचे पाय नळाकडे ओढ घेत होते. तो बसून राहिला. त्याने तुकडा उचलला आणि तोंडात घातला. तो चावायला त्याला बराच वेळ लागला.

पुढच्या रविवारी आबांनी कपाट उघडले, तिन्ही झाडू काढले आणि सोळा घरांच्या पाळ्या लावून दिल्या. पहिली पाळी सायमनकाकांची. शांतवनचे नाव अकरावे होते. त्याची पाळी आली तेव्हा तो एकदा झाडून घरी गेला. कोपऱ्यात थोडी धूळ राहिली होती.

तबिता गेल्यापासून बाराव्या दिवशी परत आली. “अंगणवाडीची रजा संपली म्हणून आले,” असे तिने दारातच सांगितले. ती रागावलेली होती आणि तिने राग लपवला नाही. कित्येक दिवस ती कामापुरते बोले. कधी मध्येच प्रश्न विचारी, आणि शांतवन त्याचे खरे उत्तर देई. ते ऐकून ती कधी उठून जाई, कधी बसून राही. असे माघ-फाल्गुन सरले, उन्हाळा लागला. आबांचे गुडघे आता चालू देत नव्हते, म्हणून दीडचा डबा बंद झाला. शांतवनच चारला त्यांच्याकडे जाऊन बसे. तो पुरता मोकळा झाला, असे सांगून गोष्ट गोड करता येईल, पण ते खरे होणार नाही. दोन वाजणे काही थांबले नव्हते. तो पडे तेव्हा पडे. पण आता पडणे दिवसांवरून आठवड्यांवर गेले होते, आणि पडला की तो पळत नसे. ज्यांना असेच काही सोडवायचे आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्रभूकडे जाण्यासाठी आधी स्वच्छ व्हावे लागत नाही.

चैत्रात एका दुपारी पावणेदोनला तबिता दुकानात आली. ती कधी तिथे येत नसे. डोक्यावर पदर, हातात मेथीच्या दोन जुड्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. तिने आधी रस्त्याकडे केलेल्या पडद्याकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे.

“आज कसं आहे?” तिने विचारले.

‘ठीक आहे’ हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. तीन वर्षे तो तिला तेच सांगत आला होता. बरे उत्तर देण्यासारखे झाल्यावर बोलू, असे म्हणत त्याने तिला ताटकळत ठेवले होते. आणि ती मात्र जे उत्तर मिळेल ते ऐकायला उन्हातून चालत आली होती.

“आज अवघड आहे,” तो म्हणाला.

तबिताने मान हलवली. तिने बाकडे पुढे ओढले, जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरला, एक जुडी सोडून त्याच्यासमोर ठेवली आणि दुसरी आपल्याकडे घेतली.

“मग बसते मी,” ती म्हणाली, आणि दोघे मेथी निवडू लागले.